फाटकाबाहेरचे मामा

नियम करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, मोडणारी त्याहून पुष्कळ आहेत. पण नियम वाचणारा माणूस अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. भिंतीवर, दारावर, तिकिटाच्या पाठीवर, औषधाच्या डबीतल्या घडी घातलेल्या कागदावर, जिथे जिथे म्हणून बारीक अक्षरात काही बजावलेलं असेल तिथे मामा चष्मा वर ढकलून उभे राहतात. एकदा इस्पितळाच्या लिफ्टमध्ये आम्ही शिरलो, दार लागणार एवढ्यात मामांनी आतली पाटी वाचली. सहा माणसांची मर्यादा होती आणि आत सात होती. सातवे आपणच, असा निवाडा करून मामा खाली उतरले आणि चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढून गेले. ज्यांना भेटायला गेलो होतो ते पेशंट उठून बसले आणि मामांनाच पाणी देऊ लागले. औषधाच्या कागदाचं तर विचारू नका. भिंग लावून तो कागद वाचला की संध्याकाळपर्यंत त्यातले तीन त्रास मामांना सुरू होतात.

माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर सासरेबुवांनी, चारचौघं छापतात म्हणून, ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलं होतं. ते वाचून पाळणारा एकच पाहुणा आला आणि तो नवरीचा सख्खा मामा होता! आमच्या खानदेशात मामाच्या आहेराशिवाय नवरी बोहल्याकडे पाऊल टाकत नाही. सगळा मांडव खोळंबला. मामा शांतपणे खिशातून पत्रिका काढून ती ओळ एकेकाला दाखवत होते. शेवटी मामींनी पिशवीच्या तळाशी लपवून आणलेलं लुगडं वर काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अहिराणीत म्हणाल्या, “कागदवर लिखेल व्हतं म्हनीसन खाली हात उना हाऊ मानूस! याले मी वळखस, म्हनीसन लई उनू.” नवऱ्याला ओळखून होत्या म्हणूनच त्या लुगडं घेऊन आल्या होत्या. मामी मुळातच पुढचं पाहणाऱ्या आहेत, आणि मामांशी संसार करायचा तर तसं असावंच लागतं.

मामा धुळ्याकडून सुरतेला आले ते विशीत, आणि निवृत्त होईपर्यंत एकाच लूमच्या कारखान्यात राहिले. कारखान्यात शेठने कामगारांसाठी गुजरातीत नियमांची पाटी लावली होती. ती वाचता यावी म्हणून मामा गुजराती अक्षरं शिकले. पुढे ती पाटी पडली, हरवली, शेठही ती विसरला, पण मामांना ती आजही तोंडपाठ आहे. जेवताना मधेच “नियम सात, डबा यंत्रावर ठेवू नये,” असं म्हणून ते ताट मिक्सरपासून लांब सरकवतात. मी सुरतेतल्याच मराठी शाळेत मास्तर, त्यामुळे मामांना माझ्याबद्दल थोडा आदर आहे. पण तोही नियमात बसवून. श्रावणात त्यांच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, पाटावर बसते. तिच्या प्रसादाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, असा कुळाचा नियम. जावई म्हणजे दुसऱ्या कुळातला. तेव्हा दर श्रावणात मी मामांच्या ओट्यावर बसून डाळभात खातो आणि आतून तुपाचा वास येत असतो. “नाइलाज आहे, जावईबापू,” असं मामा म्हणतात आणि माझ्या देखत चौथा रोट मोडतात.

तर आता या कानबाईचीच गोष्ट. मामांच्या सोसायटीमागे लष्कराची मोठी मोकळी जमीन आहे. चहूबाजूंनी भिंत, पुढे फाटक, फाटकाशी बंदूकवाला जवान, आणि आत कुठेतरी बाभळीच्या आड एक तळं. नेमबाजीचा सराव असला की लाल निशाण लागतं आणि दुपारभर फटफट ऐकू येते. भिंतीला मागच्या बाजूने एक भगदाड आहे. सोसायटीतली सगळी घरं आमच्याच भागातली, आणि श्रावणातल्या सोमवारी सकाळी त्यांच्या बायका डोक्यावर कानबाई घेऊन, वाजतगाजत, फुगड्या घालत या भगदाडातून आत जायच्या आणि तळ्यात विसर्जन करून यायच्या. तापी लांब आहे. टेम्पो करून जाता येईल, असं कोणी म्हणालं की मामी डोळे वटारायच्या. “कानबाई टेम्पोमा बठस का कधी? ती बाईना डोकावरच जास.” ते खरंच होतं, आणि मामींच्या गुडघ्यांना तळ्यापेक्षा लांब जाववत नाही हेही खरं होतं. जवान भले होते. त्या सकाळी ते दुसरीकडे बघत.

भगदाडातून सगळे जात, फक्त मामा जात नसत. परवानगी नाही म्हणजे नाही. मामा भिंतीबाहेर, अनवाणी आत गेलेल्या बायकांच्या चपला राखत बसायचे. मिरवणूक परत आली की मामींना विचारायचे, “तळं कसं होतं?” मामी दरवर्षी वेगळं सांगायच्या. एका वर्षी कमळं, एका वर्षी बगळे, एकदा तर त्यांनी मगर सांगितली. मामांनी दोन दिवस काळजी केली आणि तिसऱ्या दिवशी कळलं की ती मामींची गंमत होती. पण चपला राखण्याच्या आधी मामा आणखी एक गोष्ट न चुकता करायचे. महिनाभर अगोदर फाटकावरच्या कचेरीत जाऊन रीतसर अर्ज द्यायचे. अर्ज हिंदीत असे आणि मागची बरीच वर्षं तो मीच लिहून देत आलोय. मजकूर ठरलेला. पहिल्या परिच्छेदात कानबाईसाठी तळ्यापर्यंत जाण्याची परवानगी मागायची. दुसऱ्यात गेल्या वर्षी उत्तर न आल्याने आमची मंडळी परवानगीशिवायच आत गेली, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायची. तिथला कारकून शिक्का मारून प्रत हातात द्यायचा. उत्तर कधी म्हणून आलं नाही. अर्ज घेणं हा नियम असावा, उत्तर देणं नसावा. सोसायटीत यावरून मामांची यथेच्छ टिंगल होई. कोणी अडवत नसताना परवानगी मागणारा माणूस म्हणजे पोरांना आयता विषय.

दोन वर्षांमागे फाटकावर एक जाडजूड नोटीस लागली. या जमिनीवर लोकांनी कुठे यावं, कधी यावं, येऊ नये, याचे जुने नियम नव्याने तपासले जाणार होते. मसुदा वाचा, महिनाभरात हरकती-सूचना द्या, मग सुनावणी. मामांच्या चेहऱ्यावर मी एवढा आनंद त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना विचारलं होतं की बाबा रे, नियम कसा वाटतो? चौदा पानांचा मसुदा आणून मामा लाल-निळी पेन्सिल घेऊन बसले आणि त्यांनी मला अकरा सूचना सांगितल्या. ‘जनावरे आणू नयेत’ यात शेळी धरली आहे का, हे स्पष्ट व्हावं. फाटकावरची पाटी उन्हाने उडाली आहे. जो नियम वाचता येत नाही तो पाळायला जड जातो. आतली कोणतीही वस्तू बाहेर नेऊ नये, या नवव्या नियमातून विसर्जनानंतर पाटावर आणायची तळ्याकाठची वाळू वगळावी, कारण ती घरात पसरल्याशिवाय कानबाईचं कार्य पुरं होत नाही. मी लिहीत होतो आणि मनातल्या मनात हसत होतो. बाराव्या पानावर मामांची पेन्सिल थांबली. तिथे लिहिलं होतं की ज्या धार्मिक रिवाजांची कचेरीत नोंद आहे तेवढेच पुढे चालू राहतील, बाकीचे बंद होतील, आणि पडलेली भिंत बांधून काढली जाईल.

त्या रात्री सोसायटीची बैठक झाली. चेअरमन कपाळाला हात लावून म्हणाले, “भगदाडातून जाणाऱ्याची नोंद कोण ठेवतं हो?” मामी कोपऱ्यात बसल्या होत्या. “तळं बंद झालं तर मी कानबाई मांडणार नाही,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेही अहिराणी सोडून, सगळ्यांना कळावं असं. सासूने त्यांच्या हाती दिलेली कानबाई होती ती. मामा उठून घरी गेले आणि साडीचं एक खोकं घेऊन आले. खोक्यात बावीस अर्ज होते, बावीस वर्षांचे, प्रत्येकावर कचेरीचा शिक्का. टिंगल करणारे सगळे माना पुढे काढून बघू लागले. चेअरमनना तर मामांना मिठी मारावीशी वाटली असावी, पण तेवढ्यात त्यांनी दुसरा परिच्छेद वाचला. “मामा! अहो ही तर आपल्या हातची कबुली आहे! बावीस वेळा! लष्कराच्या जमिनीत घुसलो म्हणून आपणच लिहून देतोय!” मग तोडगे सुरू झाले. खालचा अर्धा कागद कापावा, त्यावर शाई सांडावी, एकाने तर उंदराने कुरतडल्यासारखं करून देतो म्हटलं. मामांनी खोकं छातीशी धरलं होतं. कापलेला कागद दाखवून मिळालेली परवानगी मला नको, असं ते म्हणाले. आणि ती परवानगी कोणासाठी हवी होती ते त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. सगळे मामींकडे बघू लागले. ज्या बाईने जन्मभर या माणसाच्या नियमांना नावं ठेवली, ती म्हणाली, “फाडू नका. जे लिखेल शे ते लिखेल शे.”

सुनावणीला मी मामांबरोबर गेलो. टेबलामागे लष्कराचे एक अधिकारी, पिकल्या मिशांचे, बाजूला कारकून. त्यांनी एकेक अर्ज हातात घेऊन वाचायला सुरुवात केली. पाच-सहा झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. “बाईस साल में बाईस माफ़ीनामे?”

“परवानगी आई नहीं ना साहेब,” मामा उभे राहून म्हणाले, “तो माफी मांगनी पडी.”

कारकून खाली मान घालून हसला. साहेब हसले नाहीत. “और आप ख़ुद कितनी बार अंदर गए?”

“एक बार भी नहीं साहेब. परवानगी नहीं थी.”

मामा चपला राखतात हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, त्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो; पण बावीस वर्षं हा माणूस भिंतीपलीकडे गेला नाही, ही गोष्ट माझ्या काळजाला त्या दिवशी पहिल्यांदा लागली. मला माझीच लाज वाटली. साहेबांनी अर्ज नीट सारखे करून खोक्यात ठेवले आणि ते खोकं दोन्ही हातांनी मामांना परत दिलं.

चार महिन्यांनी पक्के नियम आले. भिंत बांधली गेली, पण शेवटच्या पानावर कानबाईची नोंद झाली होती. श्रावणातला सोमवार, सकाळी आठ ते अकरा, पुढच्या फाटकातून. पाटभर वाळूसुद्धा मंजूर. दरवर्षी अर्ज करायचा आणि त्यात सोसायटीतल्या एका रहिवाशाचं नाव जबाबदार व्यक्ती म्हणून द्यायचं. सोसायटीने एकमताने मामांचं नाव लिहिलं. पेढे वाटून झाले तेव्हा मामांनी मला शेवटची अट दाखवली. सर्व मंडळी परत येईपर्यंत जबाबदार व्यक्तीने फाटकावरच थांबावं. मी म्हटलं, “मामा, माझं नाव घाला, तुम्ही आत जा.” मामा म्हणाले, “तुम्ही रहिवासी नाही, जावईबापू.” मग दुसऱ्या कोणाचं घालू या, म्हटलं. तर म्हणाले, दुसरा कोणी यादी नीट तपासणार नाही, एखादी बाई आत राहून जाईल आणि पुढच्या वर्षी सगळ्यांचीच वाट बंद होईल. अटीवर सूचना करावी म्हटलं, तर मुदत संपली होती.

तेव्हा गेल्या श्रावणात मामा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून फाटकावर उभे राहिले आणि त्यांच्यासमोरून, आयुष्यात पहिल्यांदा, कानबाई राजरस्त्याने आत गेली. मामींच्या डोक्यावर पाट होता आणि गुडघे दुखत असूनही त्या नाचत होत्या. मीही ओट्यावरचा पाहुणा म्हणून मामांशेजारीच थांबलो. वळणावर बाभळी आहेत, त्यापलीकडचं काही दिसत नाही. मामा तिकडेच बघत होते. ड्यूटीवरचा जवान तरुण होता. तो म्हणाला, “चाचा, आप भी हो आइए. मैं खड़ा हूँ ना.” मामांनी हातातल्या यादीकडे पाहिलं, मग त्या वळणाकडे. “नहीं बेटा,” ते म्हणाले.

अकराच्या आत सगळ्या परतल्या. मामांनी यादीवर एकेक खूण केली. शेवटी मामी आल्या, पाटावर ओली वाळू घेऊन. या वेळी मामांनी काही विचारलं नाही. मामींनी कमळं सांगितली नाहीत, बगळे सांगितले नाहीत. त्यांनी पाट मामांच्या पुढे धरला आणि म्हणाल्या, “ल्या. देखा तुम्हनं तळं.”

मामांनी बोटाने वाळू हळूच चाळवली. त्यात गोगलगाईचा एक बारका शंख होता. मामांनी तो उचलला, तळहातावर ठेवला, आणि मग त्यांना नववा नियम आठवला असणार, कारण त्यांनी दचकून जवानाकडे पाहिलं. जवान दुसरीकडे बघत होता. मामांनी मूठ मिटली. नंतर त्यांनी शंख सदऱ्याच्या खिशात टाकला आणि वर हात ठेवून घरापर्यंत चालत आले.

या वर्षीचा अर्ज लिहायला मी परवा मामांकडे गेलो. मामा आता थकलेत, सांगता सांगता मधेच डोळे मिटतात. पहिला परिच्छेद नेहमीचा झाला. आता परवानगी आहे, दुसऱ्याची गरज नाही, असं म्हणून मी पेनचं टोपण लावत होतो, तर त्यांनी हात वर केला. “लिहा, जावईबापू. गेल्या वर्षी माझ्याकडून तळ्यातला एक शंख बाहेर नेला गेला. त्याबद्दल मी दिलगीर आहे.” मी लिहिलं. समोर टीव्हीवर, नातवाच्या फोटोशेजारी, तो शंख ठेवलेला होता. मामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात पुढची ओळ सांगितली, “तो परत करण्याची माझी इच्छा नाही.”