दारातली मुलाखत

आमच्या घरात कुठलीही हकिकत सांगायची तर ती मी सांगायची, असं ठरून गेलंय. नवरा सांगायला बसला की ती दोन वाक्यांत संपते, आणि मुलगी सांगायला बसली की ती खरीखुरी असते. दोन्हींत मजा नाही. तेव्हा मुलीच्या प्रबंधाची हकिकतही मीच सांगते. तिने तिच्या पद्धतीने ती लिहिलेली आहेच, पण तिच्या त्या इंग्रजीत मी फक्त ‘सहायक’ या एका शब्दात आहे.

मुलगी स्वीडनच्या एका विद्यापीठात मास्टर्स करत होती. तिकडे शेवटचं सत्र जवळजवळ सगळं प्रबंधातच जातं. हॉस्टेलच्या एका मजल्याला एकच स्वयंपाकघर, आणि व्हिडिओ कॉलवर मला तिच्यापेक्षा तिथली मंडळीच जास्त दिसत. एक मुलगी दगडावरच्या शेवाळाचा अभ्यास करत होती. एक मुलगा कडाक्याच्या थंडीत काँक्रीटला तडे कसे जातात ते बघत होता. तिसरी वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्या माणसांना दुपारचा कंटाळा कसा येतो ते विचारत होती. हे शेवटचं मला विचारलं असतं तर मी फुकटात सांगितलं असतं.

आमच्या लेकीचा विषय पाणी. समुद्राचं खारं पाणी गोडं करून नळाला येतं. घरात आल्यावर माणसं त्याचं काय करतात, कोण पितं, कोण पीत नाही, आणि का. घरं कुठली, तर सौदीतल्या दम्माममधली मराठी. म्हणजे आमचीच.

नवरा आठवडाभर रास अल खैरच्या प्लांटवर असतो, शुक्रवारच्या सुट्टीला गुरुवारी संध्याकाळी घरी येतो. समुद्र गोडा करण्यातच त्याची नोकरी चाललीय, त्यामुळे त्याला हा विषय म्हणजे अपमान वाटला.

“अगं, पाण्याचं खरं काम आमच्याकडे होतं. घराघरांतून काय विचारणार तू? भांडी कशी घासता?”

“एग्झॅक्टली, बाबा,” ती म्हणाली.

मुलाखतींसाठी ती दम्मामला यायच्या आधीच तिने मला त्या ‘विरोधका’बद्दल सांगून ठेवलं होतं. स्वीडनमध्ये प्रबंध लिहून चालत नाही, तो सगळ्यांसमोर वाचवावा लागतो. दुसऱ्या एका विद्यार्थ्याला तुमचा प्रबंध देतात. तो बारकाईने वाचतो आणि भर वर्गात त्यातली भोकं दाखवतो. त्याला म्हणतातच विरोधक. आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही आणखी कुणाचे तरी विरोधक. भोक मोठं निघालं तर परीक्षक पुन्हा लिहायला लावतात, डिग्री लांबते. ऑगस्टपासून तिला नोकरी मिळालेली होती, पण डिग्री हातात असली तरच.

“म्हणजे मित्रच मित्राचे वाभाडे काढणार?” मी विचारलं.

“वाभाडे नाही आई, हेल्प.”

आमच्याकडे मदतीचा अर्थ वेगळा आहे. शाळेत असताना तिचं ज्वालामुखीचं मॉडेल मी आणि तिच्या बाबांनी केलं होतं, आणि बक्षीस मिळाल्यावर आम्हीच जास्त खूश होतो. या वेळीही मी बाह्या सरसावून तयार होते. मी एका खाजगी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. नमुना कसा घ्यायचा ते मला शिकवू नये, असं माझं म्हणणं होतं. तिच्या प्रश्नांचं मराठी भाषांतरही मीच केलं. पहिलाच प्रश्न असा झाला: ‘आपल्या कुटुंबात पेयजल व इतर वापराचे जल यांत भेद केला जातो काय?’

पहिल्या घरी तिने हा प्रश्न वाचला आणि माझी मैत्रीण, जिचं मी रोज सकाळी फोनवर डोकं खाते, ती एकदम खुर्चीत ताठ बसली.

“होय. केला जातो,” ती म्हणाली.

त्याआधी मुलीने तिला संमतीपत्र वाचून दाखवलं होतं. तुमचं नाव कुठेही येणार नाही, तुम्ही कधीही माघार घेऊ शकता, काय छापायचं नाही ते तुम्ही सांगू शकता. आमच्या लोकांना असा कागद फक्त ऑपरेशनच्या आधी माहीत.

“हे बघ, सही करते,” मैत्रीण म्हणाली, “पण माझं काही बरंवाईट झालं तर तुझ्या काकांना आधी कळव.”

सही झाली, फोनवर रेकॉर्डिंग सुरू झालं आणि सगळं संपलं. पाणी वाया घालवता का? छे. नळाचं पिता का? कधीच नाही. विकतच्या कॅनचंच. पाणी म्हणजे तुमच्यासाठी काय? जीवन. पुढच्या घरीही तसंच. टीपॉयवर लिंबू सरबत, काजू, सीलबंद बाटल्या. मुलीला ओटा बघायचा होता, तर तिला सोफ्यावरून उठू देईनात. “अगं बस, पाहुणी आहेस. आत पसारा आहे.” तिला तो पसाराच हवा होता.

मला तिने बजावलं होतं की तू मध्ये बोलायचं नाहीस. मी बोलले नाही. माझा चेहरा बोलला असेल, त्याला मी काय करू?

तिसऱ्या घरी मात्र गंमत झाली. ते एका भाभींचं घर. भाभी मूळच्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या. नवऱ्याचं इथे गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. मुलाखत नेहमीसारखीच सरळ रेषेत झाली. मुलीने आभार मानले, फोन बंद केला, आम्ही उठलो. दारापाशी आलो, मी एक चप्पल पायात घातली, आणि भाभींना कंठ फुटला.

“आता बंद केलंस ना ता? मग सांगतंय. पाहुण्यांच्या चहाला मी नळाचाच पाणी वापरतंय. चहात काय कळता कुणाला? कॅनचा ठेवतंय घरच्यांना.”

मी नुकतेच दोन कप पिऊन उठले होते.

“आणि भाताला?” मी विचारलं.

“भाताला कॅनचा. भात काय पाहुणा आहे?”

पुढे आम्ही तिघी दारात उभ्या. माझी एक चप्पल पायात, एक हातात. भाभी बोलतच राहिल्या. गावच्या विहिरीच्या पाण्याची डाळ कशी चटकन शिजते, नवीन सून फिल्टरवर विश्वास ठेवते पण सासूवर नाही. पाण्याबद्दल माणसं काय करतात हे सगळं तिथे होतं, आणि फोन पर्समध्ये.

गाडीत बसल्यावर मी विजयी मुद्रेने म्हटलं, “बघितलंस? आपल्या लोकांची मुलाखत बैठकीत घ्यायचीच नसते. ‘निघते हं’ म्हटल्यावर घ्यायची असते.”

आयुष्यभर घरचे मला या दारातल्या गप्पांवरून बोलत आलेत. नवरा गाडीचा एसी लावून खाली बसायचा आणि तासाने वर येऊन विचारायचा, ‘मी जेवून घेऊ का?’ आता त्याच कलेची विद्यापीठात गरज पडली होती.

मुलगी गाडी चालवत होती. ती म्हणाली, “पण ते मी वापरू शकत नाही, आई. इंटरव्ह्यू संपला होता.”

“अगं, कानांनी ऐकलंस ना?”

“ऐकलं. पण तिने मला नाही सांगितलं. तुला सांगितलं.”

मग आम्ही एक पद्धत ठरवली. ती माझीच, असा माझा दावा आहे. बैठकीतली मुलाखत करायची, मग दारात जे निघेल ते निघू द्यायचं, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा त्या घरी जाऊन विचारायचं की दारात तुम्ही हे हे बोललात, ते लिहू का? फोनवर नाही, समक्ष. भाभी तर खो खो हसल्या. “लिही गो. आणि तुझ्या आयशीन दोन कप प्यायले, ता पण लिही.” लिहिलंय. मैत्रिणीने कॅनच्या पाण्याने केस धुते एवढं कबूल केलं, आणि नवऱ्याला मात्र सांगू नको म्हणाली. एकीने सासूबद्दलचं एक वाक्य तेवढं काढायला लावलं. बाकी सगळ्यांनी हो म्हटलं, आणि कोरडा ठणठणीत प्रबंध बघता बघता ओला झाला.

एक घर सोडून.

त्या घरी माणसं कमी आणि पाण्याचा वापर भरपूर. मीटरचे आकडे घरातल्या बाईंनी आपण होऊन दाखवले होते, मुलाखतीत त्यांचं कारण मात्र नव्हतं. ते दारात मिळालं. काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की पाण्यावरच्या कुठल्याही पुस्तकात ते सापडलं नसतं, आणि ऐकल्यावर आम्ही दोघी जिना उतरेपर्यंत एकमेकींशी बोललो नाही. माझ्या बाबतीत हे फारच झालं.

दोन दिवसांनी आम्ही परत गेलो. मुलीने विचारलं. बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं, जरा हसल्या आणि म्हणाल्या, “नको गं. आकडे राहू देत, ते नको.”

“ओके, मावशी,” मुलगी म्हणाली. पुन्हा विचारलं नाही. चहा घेतला, निघालो, आणि त्या दिवशी मीही दारात थांबले नाही.

गाडीत मात्र मला राहवेना. “हे बघ, नाव घालायचंच नाही. दम्मामचं जुबेल करायचं, बाई असेल तिथे आजोबा करायचे. मी करते ना नेहमी, कुणाला पत्ता लागत नाही.”

“आई, शी सेड नो.”

“मग ते घरच काढून टाक प्रबंधातून. भोकही नाही आणि विरोधकही नाही.”

“घर काढलं तर आकडे खोटे होतात. आकड्यांना तर तिने हो म्हटलंय.”

“अगं, पण तो पोरगा नेमकं तिथेच बोट ठेवणार! पुन्हा लिहायला लावलं तर? ऑगस्टचं काय?”

तिने सिग्नलला गाडी थांबवली. “तर पुन्हा लिहीन,” ती म्हणाली. मुलगी कुणावर गेलीय याचा मी घरी येईपर्यंत विचार केला. माझ्यावर नक्की नाही.

प्रबंध वाचवायच्या दिवशी नेमका शुक्रवार; ती स्वीडनला आणि आम्ही दोघं इथे, टीव्हीला लॅपटॉप जोडून बसलो. बाहेरच्या माणसांनाही बघायची मुभा असते, हे एक तिथलं मला आवडतं. मी डोळ्यांपुढे एखादा आडदांड विरोधक आणला होता. पडद्यावर आला तो उंच, हडकुळा, इतक्या मऊ आवाजाचा मुलगा, की नवऱ्याने आवाज वाढवला. आधी त्याने आमच्या मुलीचा सगळा प्रबंध आपल्या शब्दांत सांगितला. इतका नीट, की मला वाटलं, हा आमच्या बाजूचा आहे. मग कागद उलटला.

“तुमच्याबरोबर प्रत्येक घरी एक सहायक होत्या. त्या तुमच्या आई आहेत. त्यांच्यामुळे उत्तरं बदलली नाहीत का?”

“बदलली,” आमची मुलगी म्हणाली. “त्या नसत्या तर उत्तरं सोफ्यावरच संपली असती. त्या कुठे होत्या आणि काय बोलल्या ते मी प्रत्येक ठिकाणी नोंदवलंय.”

वर्गात हशा पिकला. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, “काय काय बोललीस?”

“गप. ऐक.”

मग त्या मऊ आवाजाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. हे एक घर. माणसं कमी, वापर सगळ्यांत जास्त. सगळ्या घरांचं स्पष्टीकरण आहे, याचं नाही. तुम्ही शोधलं नाही, की आकडा चुकलाय?

मी सोफ्याची उशी घट्ट धरली. उत्तर मला पाठ होतं. तिथे असते तर हात वर केला असता.

“आकडा बरोबर आहे,” ती म्हणाली. “कारण मला माहीत आहे. ते मला सांगितलं गेलं, आणि लिहायची परवानगी मागितल्यावर नाही म्हटलं गेलं. म्हणून ते नाही.”

नवरा पुढे सरकून बसला. त्या मुलाने मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, “मग हेच लिहा. कारण माहीत आहे आणि ते सांगायची परवानगी नाही, हे वाक्य प्रबंधात नाहीये. आत्ता वाचणाऱ्याला वाटतं की तुम्ही बघितलंच नाही. त्यात तुमचंही नुकसान आहे आणि त्या घराचंही.”

मुलीने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. “हो,” ती म्हणाली. “तुझं बरोबर आहे.”

परीक्षक बाईंनी तेच उचललं. तेवढं एक वाक्य घाला, बाकी प्रबंध पास. लगेच कुणीतरी केक आणला, शेवाळवाली आणि काँक्रीटवाला पडद्यात घुसले, आणि मुलीने त्या गर्दीतून आम्हाला हात केला. तो विरोधकही तिच्या शेजारी उभा राहून केक खात होता. मदत म्हणजे काय ते ती मला इतके दिवस सांगत होती. ते बघितल्यावरच कळलं. ज्वालामुखी मी करून द्यायला नको होता, इतपत पोचले.

टीव्ही बंद केल्यावर नवरा म्हणाला, “काय होतं गं कारण?”

“ते लिहायचं नाहीये.”

“मी कुठे लिहितोय? मला सांग नुसतं.”

“नाही.”

“तू?” तो म्हणाला. “तू नाही सांगणार?”

अविश्वास समजण्यासारखा होता. या बाईने आजवर हॉस्पिटलातल्या डॉक्टरीण बाईंच्या घटस्फोटापासून शेजाऱ्यांच्या कफीलच्या, म्हणजे अरब मालकाच्या, तब्येतीपर्यंत काहीही पोटात ठेवलेलं नव्हतं. पण मी भांडी घासायला उठले.

तो इंजिनिअर माणूस, त्याला आकडा असा उघडा पडलेला बघवत नाही. त्या रात्री त्याने त्या घरच्या टाकीचा फ्लोट खराब असेल, असं म्हणून बघितलं. पुढच्या वेळी जमिनीखालची लाइन गळत असेल, त्यानंतर कुणीतरी गाड्या धूत असेल. अजूनही गुरुवारी रास अल खैरहून आला की बूट काढता काढता एखादा नवा अंदाज टाकून बघतो.

“असेल,” मी म्हणते, आणि त्याच्या हातातल्या पिशव्या आत घेऊन जाते.