हात लावायचा नाही

“ताई, मुलींच्या हाताला हात लावायचा नाही हं. लांबूनच दाखवा.”

विद्यापीठातल्या वर्गावरचा माझा पहिला दिवस. मला क्रोशे शिकवायला बोलावलं होतं. दारावर भला मोठा बोर्ड, ‘हाताने करा, हाताने शिका’. आणि आत विभागाच्या मॅडम सगळ्या मुलींसमोर मला हे सांगत होत्या. टेबलाच्या पलीकडे माझी एकटीची खुर्ची. माझ्यापुढं सॅनिटायझरची बाटली.

त्याआधी ऑफिसात मॅडमनी आडनाव विचारलं होतं. मग फार गोड आवाजात, “एकलहऱ्यात नेमकं कुठं?” मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यांना कळायचं ते कळलं. आपल्याकडं जात आता अशीच विचारतात, पत्ता विचारल्यासारखी. त्यांच्या टेबलावर मी नमुना म्हणून दिलेला रुमाल होता. त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला होता. माझ्या हातचा रुमाल त्यांना चालत होता.

मी त्या खुर्चीत जाऊन बसले. नोकरी हवी होती. आणि आईला सांगून बसले होते, विद्यापीठात शिकवणार म्हणून. बाप एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात राख उपसत गेला. आईनं टोपडी विणून आम्हाला वाढवलं, तिनंच मला शिकवलं. माझ्या पाठीमागं बसायची, तिचे हात माझ्या हातांवर. दोरा किती ओढायचा, किती सोडायचा, हे तिच्या बोटांतून माझ्या बोटांत यायचं. दोऱ्याचा ताण डोळ्याला दिसत नाही. क्रोशे असंच शिकतात, दुसरा रस्ता नाही.

पण नाही. लांबून! मी समोर बसून सुई चालवायची, मुलींनी बघून करायचं. समोर बसलेल्याचं बघून केलं की उलटंच होणार. उजव्या हाताच्या पोरींनी सुई डाव्या हातात धरली. टाके इतके आवळलेले की सुई आत शिरेना. गोल रुमाल सपाट पडायचे सोडून वाटीसारखे वर वळायला लागले. देवळ्याहून येणारी एक मुलगी तर रडकुंडीला यायची. “ताई, एकदा हात धरून दाखवा ना.” मी माझे हात टेबलाखाली घ्यायचे. स्वतःच्याच हातांची लाज वाटायला लागली होती मला. त्याचा राग मला अजून येतो.

मग तपासणीला पाहुणे आले. मॅडमनी मला मागं भिंतीशी बसवलं. पाहुण्यांतल्या एका बाईंनी देवळ्याच्या मुलीचा रुमाल उचलला. “हा असा का झालाय?”

मॅडमनी हसत माझ्याकडं बोट केलं. “काय आहे, ह्या लोकांना काम येतं. शिकवणं रक्तात असावं लागतं.”

ह्या लोकांना.

पाहुणेही हसले. हात बांधायचे यांनी, आणि वर थोटी म्हणायचं आम्हाला. माझं डोकं सणकलं. उठले, टेबलाला वळसा घातला, त्या मुलीच्या मागं जाऊन उभी राहिले. सुई तिच्या उजव्या हातात दिली आणि माझे दोन्ही हात तिच्या हातांवर ठेवले. तिचे हात घामेजले होते. माझेही.

“ताई, आपलं काय ठरलं होतं?” मॅडमचा आवाज आता गोड नव्हता.

“तुमचं ठरलं होतं. माझं नाही. माझा हात का नको, ते पाहुण्यांसमोर सांगा. मोठ्यानं सांगा.”

पोरीची बोटं सैल झाली. एक टाका नीट आला, मग दुसरा. ती मान खाली घालून विणत राहिली.

पाहुणे गेल्यावर मॅडम म्हणाल्या, “उद्यापासून येऊ नका. तुम्हाला शिस्त नाही.”

दुसऱ्या दिवशी गेले. वॉचमननं अडवलं. मी गेटसमोर फुटपाथवर सतरंजी टाकली. देवळ्याची पोर आली, माझ्याकडं पाठ करून माझ्यापुढं बसली. मग तिच्या मैत्रिणी आल्या. मॅडमची गाडी आत गेली, काच वर होती.

मी अजून तिथंच बसते. आईला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, “उठू नको.” उठणार नाहीच. परवा मॅडमनी वॉचमनकडून निरोप धाडला, प्रदर्शनासाठी तुमचे चार रुमाल द्या. मी तोच वॉचमन परत पाठवला. सांग म्हटलं, हात चालत नाही ना, मग हातचंही मिळणार नाही.