पिल्लाच्या कडेची हिरवी किनार

वनिता गेल्याची बातमी घेऊन तिचा भाऊ मिलिंद स्वतः शाळेत आला होता. फोनवर सांगणं त्याला जमलं नाही. पोळ्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी सातवीच्या वर्गावर होते. तो दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "ताई गेली, मॅडम. सकाळी चहा मागितला, अन् चहा येईपर्यंत..." वर्ग तसाच सोडून मी त्याच्याबरोबर मुर्रीला, तिच्या घरी गेले.

वनिता आमच्या शाळेत विज्ञान शिकवायची, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, एवढ्यावरच मैत्री झाली. तिला कॅमेऱ्याचं वेड होतं आणि त्याहून मोठं वेड सारसांचं. माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा तो पक्षी आमच्या जिल्ह्यात आता मोजकाच उरला आहे. सुट्टी आली की ती स्कूटरवर मला मागं बसवायची आणि तळ्याकाठच्या धानाच्या शेतांत घेऊन जायची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं गर्दी झालेली तिला आवडली नसती.

तिथं रेखलालभाऊंच्या शेतात सारसांची एक जोडी यायची. इतक्या वर्षांत पिल्लू कधी वाढलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी धान पिकायला आलं असताना वनिताला ते दिसलं. सूर्य उगवताना, आईबापांच्या पायांत, क्षणभर मान वर करून. माणूस जवळ गेला की ते धानात बसून जायचं, म्हणून आम्ही दूर बांधावर थांबायचो. तिनं फोटो काढला आणि रेखलालभाऊंना दाखवला. त्यांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग म्हणाले, "बाई, हे तं ढेकूळ हाय."

खोटं नव्हतं ते. अलीकडच्या लोंब्या स्पष्ट आल्या होत्या आणि पिल्लाच्या जागी तपकिरी धूर. "दोन दिवसांनी कापनीची मशीन येऊन राहिली," रेखलालभाऊ म्हणाले. "सारं गाव रांगेत हाय. ढेकळासाठी मशीन कशी थांबवू?" पिल्लाला अजून उडता येत नव्हतं, आणि मशीनचा आवाज ऐकून ते पळालं नसतं, आणखी खाली बसलं असतं.

घरी आल्यावर वनितानं सगळे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. दुपारचे, नुसत्या आईबापांचे फोटो लख्ख. पहाटेचे सगळे फसलेले. मी म्हटलं, "हातानं फोकस कर ना." ती म्हणाली, "ते मान वर करते तेवढ्यात माझ्या हातानं होत नाही." आणि एकदम थांबली. "इकडं ये. पिल्लाच्या कडेला काय दिसून राहिलं तुले?"

बारीक हिरवी किनार होती.

मग ती जी सुटली... भिंगातून जाताना प्रत्येक रंग थोड्या वेगळ्या अंतरावर जुळतो, पुस्तकात याला वर्णविपथन म्हणतात, हे ती दरवर्षी दहावीला शिकवत होती. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस दुपारच्या पांढऱ्या उजेडात बरोबर चालत होता, पण पहाटेच्या तांबड्या उजेडात तो तांबड्यावर जुळायचा आणि बाकीचं चित्र पिल्लाच्या अलीकडंच अडकायचं. "किनार हिरवी म्हणजे हा अलीकडं थांबला. जांभळी आली तर पुढं निघून गेला. तो स्वतःच सांगून राहिला ना, कुठं चुकला ते." ती खोलीत येरझाऱ्या घालत होती. मला अर्धंच कळलं होतं, तरी मीही उठून उभी राहिले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही शाळेच्या मैदानावर. सारस जेवढ्या लांब असायचे तेवढ्या लांब बाकावर वर्तमानपत्र तिरपं उभं केलं. सूर्य वर आला, कागद तांबूस झाला. तिनं मधल्या मोठ्या मथळ्यावर नेम धरला. फोटो काढला, अक्षरांना हिरवी कड. कॅमेऱ्याच्या मेनूत फोकस बारीक मागंपुढं सरकवायची सोय असते, तिथं तिनं तो थोडा पुढं ढकलला. कड अजून हिरवीच. आणखी ढकलला, जांभळी झाली. "पाह्य, पाह्य, ओलांडलं," म्हणत ती हसायला लागली. थोडं मागं. ऊन पांढरं व्हायच्या आत संपवायचं होतं. शेवटी तिनं कॅमेरा माझ्या हातात दिला. अक्षरं काळी होती. नुसती काळी, कुठलीही कड नसलेली. छापील अक्षर पाहून मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता, आणि मी भाषेची शिक्षिका.

मशीन यायच्या दिवशी पहाटे आम्ही बांधावर होतो. रेखलालभाऊ मागं विडी न पेटवता बसलेले. मादीनं चोच खाली नेली, पिल्लानं मान वर केली. वनितानं बटण दाबलं आणि न बघताच कॅमेरा त्यांच्यापुढं धरला. भाऊंनी तो पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"याचे तं डोळे दिसून राहिले," ते म्हणाले. मग उठून मशीनवाल्याकडं गेले. त्या दिवशी सगळं शेत कापलं, तळ्याकडचा कोपरा सोडून. पिल्लू उडेपर्यंत तो कोपरा उभा राहिला. ते उडालं त्या सकाळी आम्ही तिथंच होतो. त्याचा फोटो नाही. कॅमेरा वनिताच्या गळ्यात लटकत होता आणि ती दोन्ही हातांनी माझा दंड धरून उभी होती.

गेल्या रविवारी रेखलालभाऊंचा फोन आला. वनिताचा नंबर लागत नाही म्हणून मला केला होता. "यंदा दोन पिल्लं हायेत. बाईले सांगा, लवकर या म्हना." मी सांगितलं.

"मंग तुमी या," ते म्हणाले.

कॅमेरा मिलिंदनं माझ्याकडं दिला आहे. तो चालवायला मी कधी शिकले नाही, पण पहाटेच्या उजेडाचा हिशेब तिनं त्यात लावून ठेवलेला आहे, मी तो हलवलेला नाही. बॅटरी भरून ठेवली आहे. उद्या उजाडायच्या आत निघते.