‘मारून राहिला’ म्हणजे काय?

“मॅडम, हे ‘मारून राहिला’ म्हणजे नक्की काय?”

जजसाहेबांनी माझा अहवाल हातात धरून विचारलं, तेव्हा मला वाटलं थट्टा करताहेत. चेहऱ्याकडे पाहिलं, तर थट्टा नव्हती. साहेब कोकणातून नुकतेच बदलून आले होते. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मी संरक्षण अधिकारी. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याला माझं ऑफिस आहे. नाव भारदस्त, पण गाडी नाही आणि शिपाईही दुसऱ्या खात्याकडून उसना. घरात मार खाणारी, घराबाहेर काढली जाणारी बाई माझ्याकडे येते. मी तिचं म्हणणं ऐकते आणि अहवाल करून कोर्टात पाठवते. त्याला आम्ही डीआयआर म्हणतो. लोकांना तो एफआयआरच वाटतो, पण तसं नाही. यात नवऱ्याला लगेच अटक होत नाही. कोर्ट आधी एवढंच बजावतं की हिला मारायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही. केस चालू असतानाच निघणारा हा हुकूम म्हणजे अंतरिम आदेश. तो मोडला की मात्र पोलीस उचलू शकतात.

रेखाला तेवढंच हवं होतं. नाव मी बदललं आहे. माहेर नांदेड जिल्ह्यातलं, हिमायतनगरकडचं, सासर रेणापूरजवळच्या एका गावात. नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, मुलगी नववीत.

“मला सोडचिठ्ठी न्हाई पायजे मॅडम,” ती म्हणाली होती. “पोरीची शाळा हितं हाय. घर सोडलं की परत घेणार न्हाईत. मला घरातच ऱ्हायचं हाय. निस्ता मार बंद करा.”

मी निवारागृहाचं सांगून पाहिलं. माहेराचं विचारलं.

“भाऊ-भावजय हायेत. चार दिस ठिवतील. मग भाऊच पोचवायला यील, वर ह्यांच्या पाया पडंल.”

मी कागद पुढे ओढला आणि जबाब लिहायला घेतला. ‘नवरा मारून राहिला. सासू बघून राहिली. कोणी सोडवून नाही राहिलं.’ ती बोलली तसं लिहिलं. आमची पद्धतच तशी आहे. बाईचं म्हणणं गुळगुळीत करायचं नाही.

मी मूळची नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची. आमच्याकडे चालू असलेलं काम असंच सांगतात. जेवून राहिलो म्हणजे जेवतो आहे. लातूरकडे त्यालाच ‘जेवायलोय’ म्हणतात. ऑफिसातले लोक मला अजून चिडवतात, “मॅडम, डबा खाऊन राहिल्या का?” त्यामुळे त्या जबाबात कोणाला काही अडेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

तर कोर्टात मी उभी राहून सांगितलं, “सर, मारून राहिला म्हणजे मारतो आहे. अजूनही.”

नवऱ्याचा वकील लगेच उठला. “सर, शब्द अगदी स्पष्ट आहेत. मारून, राहिला. म्हणजे कधीकाळी मारलं असेल, त्यानंतर राहिला. आजही दोघं एका घरात राहतात. वाद मिटलेला आहे. अर्जंट काहीही नाही.”

“सर, आमच्या भागात चालू वर्तमानकाळ असा बोलतात.”

“मॅडम संरक्षण अधिकारी आहेत की मराठीच्या बाई?” वकील म्हणाला. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

रेखा त्या दिवशी कोर्टात नव्हती. पहिल्या तारखेला अर्जदाराची गरज पडत नाही, असं तिच्या वकीलबाईंनी तिला सांगितलं होतं. या वकीलबाई विधी सेवेतून फुकट मिळालेल्या. बाई कष्टाळू, पण एकाच दिवशी तीन कोर्टांत पळणाऱ्या. त्यांनीही साहेबांना समजावून पाहिलं.

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, “एका शब्दाचा अंदाज बांधून आदेश काढला, तर तो वरच्या कोर्टात टिकणार नाही. अर्जदाराला पुढच्या तारखेला हजर करा. मी त्यांनाच विचारतो.” कायद्याच्या दृष्टीने बोट ठेवायला जागा नव्हती. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला.

बाहेर व्हरांड्यात मी त्या वकिलाला गाठलं. “वकीलसाहेब, तुम्हाला खरंच कळलं नाही?”

“कळंना होय मॅडम? माझी बायको तुमच्याच नांदेडकडची, हदगावची हाय. दिवसभर तेच ऐकायलोय.”

“मग?”

“मग काय? वकीलपत्र घेतलंय. तुम्ही लिहिलंय तेच वाचून दाखवलं.” आणि मला चहाला बोलावलं. मी गेले नाही.

बाजाराच्या दिवशी रेखा ऑफिसात आली. आदेश झाला नाही हे तिला सांगणं माझ्या वाट्याला आलं. कारण सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना.

“म्हंजे सायबाला वाटलं, मार थांबला?”

“हो.”

“मग तारीख येईस्तोवर?”

पुन्हा निवारागृहाचं बोलले. पुन्हा तिने नाही म्हटलं. मी तिच्यासमोरच पोलीस ठाण्यात फोन लावला. तिकडचे हवालदार नेहमीच्या ओळखीचे. म्हणाले, “मॅडम, ऑर्डर द्या, मग बघा कसा सरळ करतो. ऑर्डरबिगर घरात घुसलो तर आमच्यावरच कम्प्लेंट.” मारहाणीची तक्रार तर घेता येते, असं मी म्हटलं. ते म्हणाले, “बाईला पाठवा, घेतो.” रेखाने नकाराची मान हलवली. नवरा आत गेला तर सासू आपल्याला उंबऱ्याच्या आत ठेवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती पिशवी उचलून मुलीची शाळा सुटायच्या आत घरी निघाली.

नवऱ्याला वाटलं, आपण केस जिंकलो. कोर्टानं माझं काय वाकडं केलं, असं तो गावभर सांगत फिरला. आधी निदान दार लावून मारायचा. आता दार लावणंही बंद केलं.

पुढच्या तारखेला रेखा आली ती डावा कान पदराने झाकून. साहेबांनी नाव विचारलं. तिला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिने मान वळवून उजवा कान पुढे केला.

“नवऱ्याने शेवटचं कधी मारलं?”

“शेवटचं?” तिने माझ्याकडे पाहिलं. मला मधे बोलता येत नव्हतं.

“हो. शेवटचं मारलं ते कधी?”

“शेवटचं अजून झालंच न्हाई सायब,” रेखा म्हणाली. “रोजच मारून राहिला.”

नवऱ्याचा वकील अर्धवट उठला आणि परत बसला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग स्टेनोला म्हणाले, “त्या बोलल्या तसंच घ्या.” ते घेऊन झाल्यावर म्हणाले, “आणि पुढे लिहा, म्हणजे आजही मारतो.”

आदेश त्याच दिवशी निघाला. मारायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही. हवालदारांनी शब्द पाळला. घरी जाऊन सासूच्या देखत नवऱ्याला आदेश वाचून दाखवला. मार थांबला, आणि तो खरोखरच थांबला. असं दर वेळी होत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते.

पुढे रेखा ऑफिसात आली तेव्हा मी विचारलं, “आता कसं आहे?”

“मारून न्हाई राहिला. बोलूनबी न्हाई राहिला,” ती म्हणाली. “चालतंय मला.”

मग तिने विचारलं, “मॅडम, मी तवा चुकीचं बोलले हुते का?”

“नाही गं. तू बरोबर बोललीस.” तिला ते पटलं असं वाटलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते अजूनही वाटतं.

कानाचा पडदा फाटला आहे, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. भरपाईचा अर्ज केला आहे. त्याला तारखा पडताहेत.

बाईचे शब्द जसेच्या तसे लिहा, हे आम्हाला प्रत्येक ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मी अजूनही तसेच लिहिते. ते शब्द कळले नाहीत तर बाईला त्याच दिवशी बोलावून विचारावं, हे कोणाला शिकवतात की नाही, मला माहीत नाही. रेखा आली की मी आता टेबलाच्या पलीकडून उठते आणि तिच्या उजव्या बाजूला खुर्ची घेऊन बसते.