आत्याने चाखलेला चहा

हर्बल चहाच्या त्या छोट्या कारखान्यात आत्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कारखाना भाच्याचा, पण जीभ आत्याची. पुदिना असो, गवती चहा असो की कॅमोमाइलची फुलं, नव्या मालातला नमुना आधी तिच्या टेबलावर यायचा. चिमूटभर पान, उकळतं पाणी, घड्याळ लावून पाच मिनिटं. मग ती असा काही फुर्रकन घोट घ्यायची की पलीकडच्या खोलीत पॅकिंग करणाऱ्या बायका हसायला लागायच्या. घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकायचा आणि निकाल द्यायचा. "हा पुदिना उतारावरचा नाही. सपाटीवरचा आहे, आणि तोही सावलीत वाढलेला." फोन लावला की पुरवठादार दोन मिनिटं आढेवेढे घ्यायचा आणि मग कबूल करायचा.

लेबलच्या बाबतीत तर ती भलतीच खट. भाच्याने एकदा खोक्यावर 'ताजा' छापायचं ठरवलं, तर म्हणाली, "वाळवलेल्या पानाला ताजा म्हणतोस? मग मलाही तरुण म्हण." तो शब्द गेला. त्याच्या जागी भाच्याने, थोडं प्रेमाने आणि थोडं धंद्याच्या धोरणाने, 'आत्याने चाखलेला' असं छापलं. त्या ओळीवर तिचा भारी जीव. दुकानात कुणी ते खोकं हातात घेतलं की ही उगाच तिथे रेंगाळायची.

अशा या आत्याला सर्दी झाली. सर्दी आठ दिवसांत गेली, पण जाताना चव घेऊन गेली. पुदिन्याचा घोट घेतला तरी नुसतं गरम पाणी. आज येईल, उद्या येईल म्हणत तिने कुणाला सांगितलं नाही. फुर्रकन घोट घेणं चालूच होतं, पण निकाल आता पानाचा रंग बघून आणि बोटांत चुरून. कॅमोमाइलची सहा पोती तिने तशीच पास केली. हे बरं नाही, हे तिलाही कळत होतं. पण जीभच गेली तर आपलं काय काम, आपल्याला कोण विचारणार, या भीतीने तिचं तोंड उघडत नव्हतं.

बिंग फुटलं ते घरी. आत्या भावाकडेच राहायची. वहिनी, म्हणजे भाच्याची आई, तीस वर्षं तिला सकाळचा चहा देत होती आणि आत्या तीस वर्षं त्याला नावं ठेवत होती. कधी पाणचट, कधी कडू, कधी दूध करपलेलं. गेले पंधरा दिवस मात्र कप मुकाट्याने रिकामा होत होता. सोळाव्या दिवशी वहिनीने साखरेऐवजी मीठ घातलं. आत्या तोही प्यायली.

"वन्सं," समोर बसत वहिनी म्हणाली, "चव कधीपासून गेलीय?"

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर्दीपासून. तुला कसं कळलं?"

"तुम्ही शहाण्यासारखं वागायला लागलात, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय."

दोघी तडक कारखान्यात गेल्या. कॅमोमाइलच्या खोक्यांची गाडी दुपारी निघणार होती. "ती सहा पोती मी न चाखता पास केलीत," आत्याने भाच्याला सांगून टाकलं. "खोक्यावरची ओळ खोटी आहे. गाडी थांबव."

भाचा डोकं धरून बसला. "मग आता चाखणार कोण?"

"कप मांडा," वहिनी म्हणाली.

"आई, तुला जमेल?"

"तीस वर्षं रोज सकाळी शिकवणी झालीय माझी."

प्रत्येक पोत्याच्या मालातलं एकेक खोकं उघडलं. वहिनी पदर खोचून बसली आणि अगदी आत्यासारखीच फुर्रकन सुरू झाली. चार कप बिनबोभाट गेले. पाचव्याला तिने तोंड वाकडं केलं. "याला ओल्या गोणपाटाची चव आहे." आत्याने पाचव्या पोत्यात उरलेली फुलं टेबलावर ओतली. तळाशी ओलसर, काळपट गठ्ठे निघाले. पॅकिंगवाल्या बायकांनी न सांगताच त्या मालाची खोकी बाजूला काढायला घेतली.

आत्या मात्र वहिनीकडेच बघत राहिली होती. "एवढं कळतं तुला, मग तीस वर्षं मला तसला चहा का पाजलास?"

वहिनीने सहावा कप पुढे ओढला. "चांगला झाला की तुम्ही दोन मिनिटांत संपवून उठता, वन्सं. नावं ठेवायची असली की अर्धा तास माझ्यापाशी बसता."