चप्पल दारात नव्हती

माझे सासरे गोंदियाच्या गुन्हे शाखेतून सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले. मी त्यांना मामाजी म्हणायची, मोहल्ला सीआयडी साहेब म्हणायचा. मागच्या महिन्यात ते गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांनी पकडलेल्या चोरांच्या गोष्टी सांगून जातो. मी चहा देते, हो हो करते. मला जे आठवतं ते या लोकांपुढे काढता येत नाही.

माणूस घरचा होता, खोटं कशाला बोलू? सकाळचा चहा तेच करायचे. सासूबाईंच्या गोळ्या वाटीत काढून ठेवायचे, त्यांना स्कूटरवर बसवून नागऱ्याच्या मंदिरात न्यायचे. फक्त अंगातला पोलीस गेला नव्हता. डब्यातले दोन लाडू कमी दिसले तरी एकेकाला वेगळं बसवून विचारायचे. वर अट अशी, की विचारलं तेवढंच बोलायचं. बाकीचे हसायचे. माझं डोकं फिरायचं.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. सासूबाईंनी कुरडयांचा घाट घातला. मी म्हटलं, "आमगावच्या दुकानात ढीगभर भेटतात, हे कामावरून येताना आणतील. बीपी असून कायले जीव काढून राहिल्या तुम्ही?" त्या भडकल्या. "माझ्याच घरात मले शिकवून राहिली!" शब्दाला शब्द लागला. मामाजी पेपरामागून सगळं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन साडेदहाला परतले, तर सासूबाई घरात नव्हत्या. मामाजीही नुकतेच पेन्शनच्या कामावरून आले होते. त्यांनी खोल्या पाहिल्या, संडास-बाथरूम पाहिलं. फोन पलंगावर, पिशवी खुंटीला. दारात मात्र सासूबाईंची चप्पल नव्हती.

"चप्पल नाही, म्हणजे बाहेर गेली," मामाजी म्हणाले. "फोन सोडून गेली, म्हणजे रागानं गेली." उभ्या उभ्या त्यांनी केस बांधली आणि मला मधल्या खोलीत बसवलं. इथून हलायचं नाही म्हणाले.

"काल भांडण कायवरून झालं? सकाळी तिले काय बोलली? बाजारात किती वाजता निघाली?"

सासूशी भांडलेली सून, म्हणजे पहिली गुन्हेगार मीच! बारा वर्षं या घरात राबले, आणि मला चोरासारखं बसवलं होतं. मी खिडकीबाहेर पाहत उत्तरं देत राहिले. बाहेर मोरीत मोठा गंज, म्हणजे आमचं पातेलं, भिजत घातलेला होता, आत सोऱ्या. गंजाच्या काठाला गव्हाचा चीक वाळला होता. म्हणजे मी बाजारात गेल्यावर बाईंनी कुरडया घातल्याच. कुरडया घातल्या म्हणजे त्या गच्चीवर होत्या. आणि मे महिन्यात आमच्या तापलेल्या स्लॅबवर चप्पल घातल्याशिवाय कोण चढेल? चूल सांभाळणाऱ्या कोणत्याही बाईला हे सांगावं लागलं नसतं.

"मामाजी, तो गंज..."

"विचारलं तेवढंच बोल!" त्यांनी टेबलावर हात आपटला.

मी तोंड मिटलं. म्हटलं, शोध मग तूच, एवढा मोठा सीआयडी! मनातल्या मनात त्यांना अरे-तुरे केलं मी. सासूबाई टाकीच्या सावलीत फुगून बसल्या असतील, भूक लागली की येतील खाली, असं मला वाटलं. देवाशप्पथ, हेच वाटलं. ते पुढे विचारत राहिले आणि मी फक्त हो, नाही करत राहिले. मग त्यांनी ठाण्यात फोन लावला, ऑटो स्टँडवर लावला, कामठ्याच्या नातेवाइकांना लावला, माझ्या मिस्टरांना लावला. प्रत्येक फोनवर त्यांचा आवाज बारीक होत गेला. मला तो ऐकू येत होता. बरं वाटत होतं मला, काय सांगू!

साडेबाराला माझे मिस्टर आमगावहून धावत आले. दारातूनच म्हणाले, "वर पाहिलं का?"

ते बाहेरच्या जिन्याने वर गेले. त्यांच्या ओरडण्यानं शेजारचे बाहेर आले.

सासूबाई कुरडयांच्या बाजूला पालथ्या पडल्या होत्या. अंग तव्यासारखं तापलेलं. श्वास चालू होता. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "किती वेळ उन्हात होत्या?" जन्मभर लोकांना वेळ विचारणारे मामाजी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहू लागले. दिवस मावळायच्या आत सासूबाई गेल्या.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. तेव्हा मामाजी एक कोरा कागद घेऊन माझ्यासमोर बसले. "माझा जबाब लिहून घे," म्हणाले. मी नको नको म्हटलं, हात जोडले. ते हटले नाहीत. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. चप्पल पाहून मी चुकीचा अंदाज बांधला. स्वतःच्या घराची गच्ची पाहिली नाही. सुनेवर संशय घेऊन दोन तास वाया घालवले. सून काही सांगत होती, मी तिला बोलू दिलं नाही. तिचा काही दोष नाही.

इथे ते थांबले.

"पोरी, काय सांगत होती तू त्या दिवशी? गंजाचं काहीतरी."

सांगायला हवं होतं. सासूबाई गच्चीवर आहेत हे मला माहीत होतं, ते विचारत होते तेव्हाच कळलं होतं, निव्वळ रागापायी मी गप्प बसले. हे सगळं जिभेवर आलं होतं. त्यांचे डोळे खोल गेले होते. त्या डोळ्यांपुढे भलेभले कबूल झाले, असं लोक सांगतात.

"काही नाही, मामाजी," मी म्हटलं. "गंज घासायचा राहिला, एवढंच."

त्यांनी कागद बोटाने माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "बरं. खाली लिही, जबाब वाचून पाहिला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे."

मी लिहिलं. त्यांनी हात पुढे केला, आणि सही करायला मी त्यांना पेन दिला.