श्री नावाचे दोन कप्पे

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी घरांत गुरुनाथ खटावकर हा ‘कानाचा माणूस’ म्हणून ठाऊक होता. नोकरीच तशी होती. मोटारींचे डॅशबोर्ड बनवणाऱ्या कंपनीत तो आवाजाच्या विभागात होता. दिवसभर बंद खोलीत बसून कुठलं प्लॅस्टिक कशाला घासून कुरकुरतंय ते शोधायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. मूळचा कराडचा. बोलायला बेताचा, हसायला त्याहून बेताचा, पण एखाद्या कामाच्या मागे लागला की हात धुऊन लागायचा. कुणाकडे जेवायला गेला तरी फ्रिजची घरघर ऐकून “याचा कॉम्प्रेसर बघून घ्या” म्हणायचा, त्यामुळे काही घरांत त्याला बोलावताना लोक जरा विचार करत.

त्याचा एक नेम होता. मुलगी इला तीन वर्षांची झाली तेव्हा, म्हणजे दोन हजार एक साली, त्याने नवा कॉम्प्युटर आणि चांगल्यापैकी मायक्रोफोन घेतला. दर रविवारी इलाची अंघोळ झाली की तिला समोर बसवायचं आणि बोलतं करायचं. ती खारीबद्दल बोलायची, बर्फाबद्दल बोलायची, आईने रागावून काय म्हटलं तेही सांगायची. हे सगळं कराडला आईला ऐकवायचं होतं. पण आवाजात बारीक खरखर यायची, आणि खरखरीसकट पाठवणं या माणसाच्या जिवावर यायचं. “साफ करतो आणि पाठवतो,” असं तो आईला फोनवर सांगायचा. अशी सहा वर्षं गेली आणि कराडला एक अक्षर पोचलं नाही.

दरम्यान इलाचं मराठी गेलं. नववं लागलं तेव्हा ती माइकसमोर पाच मिनिटं बसायची आणि “स्कूल वॉज फाइन, डॅड” एवढं सांगून उठायची. हे गुरुनाथला लागलं होतं. मनातून तो याला एक मोडतोड समजत होता, आणि मोडतोड झाली की ती कुणी केली हे शोधणं हा त्याचा धंदाच. त्याचा निकाल तयार होता. इला चार वर्षांची असताना कांचनने, त्याच्या बायकोने, एका दाताच्या डॉक्टरकडे नोकरी धरली आणि पोरीला डे-केअरला घातलं. झालं. तो यावरून घरात भांडत नसे. चारचौघांत विषय निघाला की मात्र शांतपणे सांगायचा, “डे-केअरला घातलं ना, तिथेच गेलं.” मग कांचन पाण्याचा जग भरायला आत जायची.

दोन हजार सात साली आईला पंचाहत्तरावं लागलं. भावाने कराडला कार्यक्रम धरला. जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून गुरुनाथने ठरवलं की इलाच्या मराठीची निवडक सीडी करून पाठवायची. पण कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क काठोकाठ भरली होती, काम करायला जागाच नव्हती. म्हणून त्याने आणखी एक डिस्क आणली. तिच्यावर आधी सगळ्याची एक प्रत ठेवायची, मग साफसफाई.

शनिवारी सकाळी डायनिंग टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून त्याने कॅबिनेट उघडलं. अंगातली वीज जावी म्हणून पत्र्याला हात लावला. नवीन डिस्कच्या पाठीवरची चिमुकली टोपी काढून शेजारच्या काड्यांवर बसवली, म्हणजे जुनी डिस्क मुख्य आणि ही दुय्यम हे मशीनला कळावं. चपट्या पट्टीसारखी केबल, विजेची चार तारांची पिन, चार स्क्रू. सगळं नीट बसलं. मशीन सुरू केलं तर डिस्क दिसली. विंडोजने तिची काळी पट्टी दाखवली, म्हणजे कोरी जमीन. त्याने तिचा एक सलग कप्पा केला. नाव विचारलं तेव्हा त्याने क्षणभरही विचार न करता टाइप केलं, SHREE.

यात नवल काही नव्हतं. कराडला खटावकरांच्या घरी वाणसामानाच्या चिठ्ठीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळ्याच्या डोक्यावर श्री असायचा. कोरी गोष्ट श्रीशिवाय सुरू करायची नाही, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. अडचण एवढीच की बोटांना ते सहा वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. जुन्या डिस्कचे तेव्हा दोन भाग केले होते. एकात विंडोज, दुसऱ्यात इलाचा आवाज; आणि तो दुसरा भागही कोरा असताना त्याचं नाव श्रीच ठेवलं होतं.

इतक्यात इला आली. ती आली की बापाचं लक्ष उडायचं.

“डॅड, कॅन आय हॅव माय ओन ड्राइव्ह? फॉर माय स्टफ?”

पोरीने आपल्याकडे काहीतरी मागितलं याचाच त्याला आनंद झाला. “देतो की. अर्धी तुझी.”

आता नवीन डिस्कचे दोन कप्पे करायचे तर आधीचा एक सलग कप्पा पुसायला हवा. यादीत वरखाली दोन श्री होते. त्याने वरचा धरला. विंडोजने बजावलं की यातलं सगळं जाईल, चालेल का. रिकाम्या कप्प्यातलं काय जाणार? त्याने हो म्हटलं. मोकळ्या जागेचे दोन भाग केले, एकाला पुन्हा श्री, दुसऱ्याला ILA. आकडे त्याच्या अपेक्षेपेक्षा बरेच लहान होते, पण ते बघायचं सोडून तो इलाचा चेहरा बघत होता. “देअर,” ती म्हणाली आणि खूश होऊन गेली. मग त्याने प्रत करायला म्हणून रेकॉर्डिंगचा फोल्डर उघडायला घेतला, आणि तो कुठेच नव्हता.

तो खुर्चीत तसाच बसून राहिला. कांचनने येऊन विचारलं तेव्हा म्हणाला, “पुसलं मी. सगळं.” ती समोरच्या खुर्चीत बसली. तिला रडू आलं, त्याला आलं नाही, आणि न आल्याचं त्याला जास्त वाईट वाटलं.

दोन घरं पलीकडे राहणाऱ्या अनिलला, जो कॉम्प्युटरच्याच धंद्यात होता, फोन केला. “आता कशालाही हात लावू नकोस,” अनिल म्हणाला. “बॅकअप नव्हता का रे?”

“तोच करायला बसलो होतो.”

अनिलने पुसलेलं शोधून काढणारं सॉफ्टवेअर आणलं आणि रविवारभर ते चालवलं. नशीब बरं होतं, बहुतेक सगळं मिळालं. पण फायलींची नावं गेली होती आणि तारखाही. फाइल सात, फाइल बावीस, असे नुसते नंबर, आणि पत्ते पिसावेत तसे पिसलेले. तीन वर्षांची इला सात वर्षांच्या इलाच्या शेजारी बसली होती.

“क्रम मात्र तुलाच लावावा लागेल,” अनिल म्हणाला.

गुरुनाथ कामाला लागला. रोज ऑफिसातून आला की हेडफोन लावून बसायचा. आधी त्याने आवाजाच्या उंचीवरून वय ठरवायचा प्रयत्न केला, मग पडलेल्या दातांच्या बोबडेपणावरून. शेवटी एक सोपी खूण सापडली. फायलीत मराठी जितकं जास्त, तितकी ती जुनी. या हिशेबाने रांग भराभर लागत गेली. डे-केअरच्या वेळची फाइल आली तेव्हा तो सरसावून बसला. इथे तुटणार हे त्याला पक्कं माहीत होतं.

तिथे काहीच तुटलं नव्हतं. इला सांगत होती, “बाबा, तिथल्या बाई मला ज्यूस देतात. मी त्यांना म्हटलं मला ताक द्या, तर त्यांना ताकच माहीत नाही.” त्याच्या पुढच्या फायलीही तशाच, तोंडभर मराठी. बालवाडी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यापर्यंत ती चिवचिवत होती. मग एका फायलीत ती बोलायची थांबली.

इतके दिवस तो इलाचाच आवाज ऐकत होता. पलीकडून प्रश्न विचारणारा आपला आवाज त्याने सवयीने बाजूला काढला होता, खरखर काढतात तसा. ही फाइल त्याने पुन्हा लावली आणि या खेपेला सगळी ऐकली.

“बाबा, चंद्र आपल्या गाडीच्या मागे मागे का येतो?”

“इन इंग्लिश, इला. टीचरनी सांगितलंय ना? घरी पण प्रॅक्टिस. से इट इन इंग्लिश.”

“चंद्र...”

“नो. इंग्लिश.”

मग बराच वेळ नुसती माइकची खरखर. शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज. पुढच्या रविवारच्या फायलीत तो ‘डॅड’ झाला होता.

गुरुनाथने हेडफोन काढले. त्याला लाज वाटली, कान गरम होईपर्यंत लाज वाटली. कांचन सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने तिला बोलावलं आणि हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. तिने फाइल अर्ध्यात थांबवली.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मी तेव्हा पलीकडेच कणीक मळत होते.”

त्याने हेडफोन परत घेतले.

“मी लोकांत डे-केअरचं म्हणायचो.”

“म्हणायचास,” कांचन म्हणाली.